दोन हातांपुरती होडी

एकट्याने चालवायच्या शिडाच्या होडीवर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा मुंबईच्या एखाद्या यॉट क्लबात न जाता मी हर्णेला आलो. समोर सुवर्णदुर्ग आहे, एवढं कारण मला पुरेसं होतं. आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. 1755 साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने ते तुळाजी आंग्र्यांकडून जिंकलं. त्या काळच्या गलबतांना शीडही असे आणि वल्हीही. आज बंदरात नांगरलेल्या नौकांच्या दाटीत शीड शोधूनही सापडत नाही. मासळी लहान होड्यांतून किनाऱ्याला लागते, वाळूवर लिलाव पुकारला जातो आणि या सगळ्यामागे इंजिनाची घरघर चालूच असते.

मी ज्या होडीचा विचार घेऊन आलो होतो, ती पूर्वी लेझर म्हणून ओळखली जाई. नाममुद्रेच्या वादानंतर 2019 पासून तिला आयएलसीए म्हणतात. तिचा आराखडा ब्रूस कर्बी या कॅनडात जन्मलेल्या माणसाचा. तो नौकानयनाच्या मासिकाचा संपादक होता. 1969 मध्ये इयन ब्रूस या डिझायनरचा फोन आला : गाडीच्या टपावर बांधून नेता येईल अशी छोटी होडी हवी आहे. बोलता बोलताच कर्बीने कागदावर पहिलं रेखाटन केलं. ज्यांच्यासाठी ती हवी होती त्यांनी नंतर विचार बदलला आणि कागद तसाच पडून राहिला. 1970 च्या शरद ऋतूत तो बाहेर निघाला, होडी स्पर्धेत उतरली आणि पुढे तशा दोन लाखांहून जास्त बांधल्या गेल्या.

हर्णेत होड्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका जुन्या सुताराला मी तिचे फोटो दाखवले. लांबी 4.2 मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन 59 किलो. वजनाचा आकडा ऐकून ते हसले. दोघांनी उचलून वाळूवर ठेवावी इतकी हलकी. मग डोलकाठीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आणि वारा सुटला तर शीड उतरवणार कसं?"

नेमकी हीच गोष्ट मला त्या होडीकडे ओढून नेते. शीड उतरवता येतच नाही. दोन नळ्या एकात एक बसवून डोलकाठी होते, शिडाची कड तिच्यावर उशीच्या अभ्र्यासारखी चढवायची, आणि काठी होडीच्या पाठीवरच्या भोकात उभी करायची. शीड वर चढवायला दोर नाही, कप्पी नाही. काठीला आधार देणारे ताणही नाहीत. सुतारकाकांच्या दृष्टीने हा वेडेपणाच. पण उत्तर त्या नसलेल्या ताणांतच आहे. ताण लावलेल्या होडीत शिडाखालची आडवी काठी बाजूच्या तारेला जाऊन अडते, त्यामुळे वारा मागून असला की शीड पूर्ण सोडता येत नाही. इथे अडवायला काहीच नाही. हातातली दोरी सैल सोडली की शीड गरगरत थेट पुढे जातं, निशाणासारखं फडफडतं आणि त्यातला जोर निघून जातो. म्हणजे उतरवण्याची सोय काढून टाकली ती सोडून देण्याच्या भरवशावर. काका बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. पटलं असं काही म्हणाले नाहीत.

होडीतली प्रत्येक निवड एकट्या माणसाच्या दोन हातांचा हिशेब करून झालेली आहे. एक हात सुकाणूच्या दांड्यावर, दुसरा शिडाच्या दोरीवर. तिसरा हात नाही. म्हणून एकेका दोरीकडून दोन-दोन कामं करून घेतली जातात. आडव्या काठीला खाली ओढणारी दोरी ताणली की ती काठी डोलकाठीला पुढे रेटते, डोलकाठी वाकते आणि शिडाचा फुगवटा चपटा होतो. जोराच्या वाऱ्यात तेच हवं असतं. पुढे मालवणच्या बाजूला होडीला उलांडी बांधतात. बाजूला तरंगणारं ते लाकूड तोल सांभाळतं आणि नाखवा निवांत बसतो. आयएलसीएमध्ये उलांडी म्हणजे खलाशाचं स्वतःचं अंग. पाय पट्ट्यात अडकवून तो पाण्यावर आडवा होतो. कर्बीने डोळ्यांसमोर ठेवलेला माणूस सुमारे 80 किलोचा होता, म्हणजे सांगाड्यापेक्षा जड. मोठ्या नौकेतल्या एकट्याला दुसरी मदत असते. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पण त्यांना झोप लागल्यावर नौका सरळ नेणारी यंत्रणा सोबत होती. इथे पट्ट्यातून पाय सुटला की उलटलीच.

उलटते, तेही गृहीत धरलेलं आहे. सांगाडा बंद, म्हणून बुडत नाही. तळातून पाण्यात उतरणाऱ्या मधल्या फळीवर उभं राहून अंगाचा भार दिला की ती पुन्हा सरळ होते. बसायचा खळगा लहान, त्यामुळे पाणी थोडंच साठतं, आणि होडी धावू लागली की तळाच्या झडपेतून ओढलं जातं.

आज तिच्याहून चांगल्या होड्या आहेत, हे मान्य करायला हवं. 2014 च्या आरएस एरोचा सांगाडा 30 किलोचा आणि डोलकाठी कार्बनची. 2019 मध्ये ऑलिंपिकसाठी चाचण्या झाल्या, तेव्हा परीक्षकांनी एरोची शिफारस केली. तरी लेझरच कायम राहिली. तिची मूळची अॅल्युमिनियमची काठी वापरून वापरून वाकते आणि वाकलेलीच राहते. तंत्र म्हणून हे मागासलेलं आहे. तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो. सगळ्या होड्या सारख्या असल्या की शर्यत माणसांत होते, आणि जुनी होडी घेणाऱ्यालाही संधी मिळते. शिवाय एकाच सांगाड्यावर 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटर अशी तीन शिडं चढतात, त्यामुळे वय-वजन वाढलं तरी होडी बदलावी लागत नाही.

सर्वांत लहान शिडाच्या त्या होडीत नेहा ठाकूरने 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शिकली भोपाळच्या तलावावर. मोठ्या शिडाच्या गटात कांस्य मिळवणारा विष्णू सरवणन वेल्लोरचा, लष्कराच्या मुंबईतल्या केंद्रात घडलेला. समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून पदक येतं आणि वाऱ्याची चाहूल अंगात मुरलेली हर्णे-पाजपंढरीची मुलं या वाटेवर दिसत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

पण अडचणी खऱ्या आहेत. मधली फळी वर ओढता येते आणि सुकाणूचं पातं उचललं जातं, म्हणजे धक्क्याविना वाळूवरून उतरणं जमेल. मात्र खारा वारा भरात येतो दुपारी, आणि त्याच वेळी नौका लिलावासाठी परततात. नांगराचे दोर, जाळी आणि लगबगीतल्या होड्या यांच्यात नवख्या पोराने वळणं घेणं धोक्याचं आहे. म्हणून सुरुवात आंजर्ल्याच्या खाडीत करावी लागेल, आणि तिथे भरती-ओहोटीची ओढ आहे. पावसाळ्याचे महिने हातातून जातात.

दुसरी अडचण सुतारकाकांची. ही होडी त्यांना बांधता येणार नाही. हातात कसब नाही असं नव्हे. ती परवाना असलेल्या मोजक्या कारखान्यांतूनच यायला हवी, शीडही मान्यताप्राप्तच. सगळ्या होड्या सारख्या ठेवणारा नियम गावातल्या कारागिराला बाहेर ठेवतो. प्लायवुडची ऑप्टिमिस्ट, 1947 मध्ये क्लार्क मिल्सने मुलांसाठी आखलेली 2.3 मीटरची होडी, इथे बांधणं शक्य आहे, आणि माझ्या मते हर्णेने तिथूनच सुरुवात करावी. काकांना तिचा चौकोनी नाकाडाचा आराखडा दाखवला, तर त्यांनी लगेच लाकडाचा अंदाज सांगायला घेतला.

मात्र त्याआधी एका इंजिनाच्या होडीची सोय लागेल. उलटलेली होडी सरळ करता करता पोरगं दमलं, तर त्याला बाहेर काढायला कोणीतरी सतत मागे हवं. तसा माणूस आणि रोजचं डिझेल मच्छीमार सोसायटी, शाळा की पालक, कोण देणार, हे मी किनाऱ्यावर अनेकांना विचारलं. कोणीही नाही म्हणालं नाही. सगळे म्हणाले, नारळी पौर्णिमेनंतर बसून बोलू.