पाच गिगाहर्ट्‌झ, पण किती वेळ?

एलियनवेअरने २०१८ मध्ये आपल्या गेमिंग लॅपटॉपची जाहिरात ‘फॅक्टरी ओव्हरक्लॉक्ड, ५ गिगाहर्ट्‌झपर्यंत’ अशी केली. आत होता इंटेलचा सहा कोअरचा कोअर आय९-८९५०एचके. त्याची मूळ गती २.९ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला २९० कोटी ठोके; इंटेलने दिलेली, थोड्या वेळापुरती गाठता येणारी कमाल गती ४.८. अशा ‘एचके’ चिपचे गतीचे कुलूप इंटेल उघडेच ठेवते. हौशी लोक त्याचा फायदा घेऊन घरी गती वाढवतात. इथे ते काम कंपनीने कारखान्यातच केले. वाढ खरी आहे. पण केवळ तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे, कारण लॅपटॉप किती धावणार हे शेवटी तो उष्णता किती वेगाने बाहेर टाकतो यावर ठरते.

४.८ वरून ५ म्हणजे जेमतेम ४ टक्के वाढ. चिपचा वीजखर्च गतीच्या प्रमाणात वाढतो, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. वरच्या टोकाला गती वाढवायची तर व्होल्टेजही सहसा वाढवावे लागते. तेही ४ टक्के वाढले असे धरले, तर खर्च सुमारे १३ टक्क्यांनी चढतो, आणि ही सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. लॅपटॉपच्या त्याच अरुंद जागेत ग्राफिक्स चिपही तापत असते. अनेक मॉडेलांत दोघींना उष्णता वाहून नेणारा हीटपाइप एकच. ही आय९ चिप १०० अंश सेल्सिअसला पोचली की स्वतःला जपण्यासाठी गती उतरवते. शिवाय थंडावा मिळतो तो खोलीतल्या हवेतूनच. २५ अंशांच्या खोलीत ९० अंशांवर स्थिरावणारी चिप नागपूरच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, तेवढ्याच कामाला शंभरी गाठते.

हीच चिप त्याच वर्षी ॲपलच्या १५ इंची मॅकबुक प्रोमध्येही होती. सलग कामाच्या चाचण्यांत ती मूळ २.९ च्याही खाली घसरली; ॲपलने फर्मवेअरमधली चूक मान्य करून अपडेट दिला. चिप तीच असूनही गती यंत्रागणिक बदलते, ती अशी. यावर कोणी म्हणेल, क्षणभराचा झटकाही उपयोगी असतो. ते बरोबर आहे: गेम उघडताना किंवा एकाच कोअरवर भार पडल्यावर तो जाणवू शकतो. वॉरंटीचा मुद्दाही वजनदार आहे. घरी केलेल्या प्रयोगापेक्षा कंपनीने तपासलेली वाढ नक्कीच सुरक्षित. मात्र ती वॉरंटी बिघाडाची असते, ५ गिगाहर्ट्‌झ टिकण्याची नसते. जाहिरातीतल्या ‘पर्यंत’ या शब्दाने ती जबाबदारी आधीच झटकलेली असते. म्हणून प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही पूर्ण भाराखाली असताना, अर्ध्या तासानंतर प्रत्येकाला किती वॅट मिळतात, हा आकडा कंपन्यांनी खोक्यावर छापायला हवा. तोवर तो स्वतंत्र परीक्षणांत शोधावा आणि दुकानदारालाही विचारावा.