कर्माचा न्याय : गोदाकाठची साक्ष

एखाद्या घरावर संकट कोसळलं की भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, ‘भोग आहेत, भोगूनच सरायचे.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते. दुःखाला काही कारण आहे, जग अगदीच बेवारस नाही, एवढा आधार त्याला द्यायचा असतो. पण जिचं तान्हं मूल गेलं त्या आईच्या कानावर तेच वाक्य वेगळ्या अर्थानं पडतं. तिच्या किंवा त्या बाळाच्या हातून पूर्वी कधीतरी काही घडलं असणार, असं ती ऐकते. आधार देता देता आपण आरोप ठेवून मोकळे होतो. कर्माचा सिद्धांत न्यायी आहे का, हा प्रश्न पोथीपेक्षा अशा घराच्या ओट्यावर जास्त टोचतो.

या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा तर नाशिकइतकं सोयीचं ठिकाण मला दुसरं दिसत नाही. त्र्यंबकेश्वरापासून पंचवटीपर्यंतच्या तीसेक किलोमीटरच्या टापूत वैदिक, बौद्ध, जैन आणि वारकरी अशा चारही परंपरांनी कर्माबद्दल आपापलं म्हणणं मांडून ठेवलं आहे. कोणी ते कथेत मांडलं, कोणी दगडावर कोरलं. आणि विसाव्या शतकात याच गावात एका मंदिराच्या बंद दारासमोर बसून हजारो माणसांनी या सिद्धांताला जाब विचारला.

गौतमाची गाय

सुरुवात गोदावरीच्या जन्मापासूनच करावी लागते. शिवपुराणातली कथा अशी : दुष्काळात गौतम ऋषींनी अनेकांना जगवलं. त्यांचा मोठेपणा इतर ऋषींना सोसवेना. त्यांनी गणपतीची आराधना केली आणि गौतमांच्या शेतात एक मरतुकडी मायावी गाय शिरली. गौतमांनी ती नुसत्या गवताच्या काडीनं हाकलली, तर ती तिथेच कोसळली. गोहत्येचं पातक गौतमांच्या माथी आलं आणि ज्यांना जगवलं त्यांनीच त्यांना बाहेर काढलं. प्रायश्चित्त म्हणून गौतमांनी ब्रह्मगिरीवर तप केलं, शंकर प्रसन्न झाले आणि गंगा इथे अवतरली. कुशांनी तिला अडवलं ते कुशावर्त.

लहानपणापासून ऐकलेल्या या कथेतला एक तपशील आपण सहसा वगळतो. प्रसन्न झालेले शंकर गौतमांना सांगतात की तू निष्पापच आहेस, तुला फसवण्यात आलं, पाप त्या कपटी ऋषींचं आहे. म्हणजे ज्या क्षेत्री लोक पाप धुवायला येतात, त्या क्षेत्राच्या मुळाशीच खोट्या आरोपाखाली शिक्षा भोगलेला माणूस आहे. संकट आलं म्हणजे दोष असलाच पाहिजे, या समजुतीला त्र्यंबकची मूळ कथाच छेद देते. आणि त्या अन्यायातून गौतमांनी जे मिळवलं ते एकट्यासाठी ठेवलं नाही. ती नदी सगळ्यांची झाली.

आज त्र्यंबकला नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध करायला देशभरातून कुटुंबं येतात. कोणाच्या घरी अकाली मृत्यू झालेला असतो, कोणाला मूल होत नसतं. या माणसांची चेष्टा करणं मला पटत नाही. ज्याचं नीट निरोप घेणं राहून गेलं, त्याच्यासाठी काहीतरी केल्याचं समाधान तिथे मिळतं. प्रारब्ध अटळ नाही, अशीही एक आशा त्या विधीत असते. पण त्याच आशेच्या आडून जेव्हा भीती विकली जाते, मूल न होण्याचं खापर सुनेच्या पत्रिकेवर फोडलं जातं आणि डॉक्टरकडे जाणं लांबतं, तेव्हा गौतमांवर ठेवला तसाच खोटा आरोप एका निरपराध बाईवर पुन्हा ठेवला जातो.

संचित आणि प्रारब्ध

शास्त्रकारांना हा पेच ठाऊक होता. सृष्टी ईश्वरानं केली असेल तर कोणी सुखात, कोणी हालात का? मग तो पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही का? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हा आक्षेप सरळ नोंदवला आहे. उत्तर असं की ईश्वर जिवांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. मग पहिल्या जन्मी विषमता कुठून आली, असं विचारलं तर संसाराला आरंभच नाही, हे पुढचं उत्तर.

तर्क म्हणून हे उत्तर भक्कम आहे. ईश्वराची त्यातून सुटका होते. माणसाची मात्र होत नाही. साचलेलं सगळं कर्म ते संचित, त्यातलं भोगायला लागलेलं ते प्रारब्ध आणि आज हातून घडतं ते क्रियमाण, ही विभागणी घरोघरी माहीत असते. पण जो गुन्हा आठवत नाही, त्याच्या शिक्षेला शिक्षा कसं म्हणायचं? शिक्षेत सुधारणा अभिप्रेत असेल, तर काय चुकलं हे माणसाला कळायला हवं.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे अख्खं प्रकरण याच गुंत्याला दिलं आहे. वेदांतसूत्रांना धरून ते प्रारब्ध आणि अनारब्ध, म्हणजे भोग सुरू झालेलं आणि न झालेलं, असा भेद करतात. कर्माच्या चक्रात सापडलेल्या माणसालाही त्यातून वर येण्याची मोकळीक आहे, हे त्यांना ठामपणे सांगायचं आहे. राजद्रोहाची शिक्षा भोगणारा माणूस दैवाधीन होऊन बसण्याच्या विरोधात लिहितो, याला अर्थ आहे.

त्रिरश्मीवरचे शिलालेख

मुंबईच्या रस्त्याला शहराबाहेर पांडवलेणी लागतात. लेखांमधलं या डोंगराचं नाव त्रिरश्मी. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंची. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं ३,००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दरानं, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल कधी मोडायचं नाही आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या, भिक्षूंना वस्त्रं द्यायची. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनंही इथल्या व्यावसायिकांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. तिचं व्याज आजारी भिक्षूंच्या औषधासाठी होतं आणि हेतू होता सर्व प्राण्यांचं हित व सुख.

मला विष्णुदत्तेचा लेख फार महत्त्वाचा वाटतो. पुण्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. पण आजारी माणसाकडे पाहून तिनं त्याच्या पूर्वजन्माची चौकशी केली नाही. त्याला औषध मिळेल अशी कायमची सोय केली.

बुद्धवचनाशी हे जुळणारंच आहे. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मानं, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध ते अमान्य करतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, अयोग्य राहणी, अचानक आघात आणि कर्माचा विपाक, म्हणजे फळ, अशी आठ कारणं ते मोजतात. आठांतलं कर्म हे फक्त एक. कर्म म्हणजे तरी काय, तर चेतना, म्हणजे हेतू. आणि एकच कृत्य दोघांना सारखं फळत नाही. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर ते पिववत नाही, गंगेत टाकला तर तिची चव बदलत नाही, असा दृष्टान्त अंगुत्तर निकायात आहे. ज्यानं आपलं मन मोठं केलं, त्याला जुनी चूक कमी बाधते.

न्यायाधीशाशिवायचा न्याय

शहराच्या उत्तरेला म्हसरूळजवळ गजपंथ हे जैनांचं सिद्धक्षेत्र आहे आणि बागलाणात मांगीतुंगी. तिथल्या डोंगरात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती २०१६ साली पूर्ण झाली. जैन दर्शनात कर्माचं फळ देणारा ईश्वरच नाही. कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्य, आहे. राग-द्वेषामुळे ते आत्म्याला चिकटतं. ज्ञानावरणीयापासून अंतरायापर्यंत त्याचे आठ प्रकार. नवं येऊ न देणं हा संवर आणि जुनं तपानं झाडून टाकणं ही निर्जरा. इथे न्यायाधीश नाही, त्यामुळे पक्षपात नाही आणि माफीही नाही. उच्च-नीच कुळ देणारं गोत्रकर्म या मांडणीत आहे. पण उत्तराध्ययन सूत्र स्पष्ट सांगतं की माणूस ब्राह्मण किंवा शूद्र होतो तो त्याच्या आचरणानं.

निवृत्तिनाथ आणि चोखोबा

पौष वद्य एकादशीला दिंड्या त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीशी येतात. परंपरा सांगते की संन्यास घेतलेले त्यांचे वडील विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेनं पुन्हा संसारात आले, म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी मुलांची मुंज नाकारली गेली. कृत्य एकाचं आणि भोग चार पोरांना. याला प्रारब्ध म्हणायचं की पंचांचा निवाडा? ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयानं वाट चुकलेल्या निवृत्तींना नाथपंथी गुरू गहिनीनाथ भेटले आणि त्यांच्याकडून मिळालेलं ज्ञान निवृत्तींनी धाकट्या भावाला, ज्ञानेश्वरांना, दिलं. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा त्या छळल्या गेलेल्या भावानं शेवटच्या मागण्यात कोणाला शिक्षा मागितली नाही. दुष्टांचा वाकडेपणा जावो, एवढंच मागितलं. ‘करावे तसे भरावे’ यापलीकडचा न्याय मराठीला तिथे मिळाला.

पण त्याच परंपरेत चोखोबाही आहेत. आपण मागच्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून महाराच्या जन्माला आलो, असं त्यांच्या नावावरचा एक अभंग सांगतो. भक्तीत कोणाच्याही मागे नसलेल्या संताला आपल्या अपमानाचं कारण स्वतःच्याच नसलेल्या स्मृतीत शोधावं लागलं. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच विचारतो की असा जन्म देऊन तू आम्हाला काय सुख दिलंस. एकाच घरात, एका पिढीच्या अंतरानं, स्वीकार आणि जाब असे दोन्ही सूर उमटले.

काळारामाचं बंद दार

कर्ममेळ्याचा प्रश्न सहाशे वर्षांनी पंचवटीत रस्त्यावर आला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांचा मोर्चा काळाराम मंदिराकडे निघाला. दादासाहेब गायकवाड सत्याग्रहाचे आघाडीचे संघटक होते. दारं बंद केली गेली, सत्याग्रही दारांसमोर बसून राहिले. त्या वर्षीच्या रामनवमीला रामाच्या रथावरून दंगल झाली, दगडफेक झाली. लढा चार-पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली.

त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी कर्माचा विचार मुळापासून केला आहे. नैतिक व्यवस्था माणसांच्या कृतीवर चालते, हा अर्थ त्यांनी मान्य केला. मागच्या जन्मीचं कर्म या जन्माच्या दारिद्र्याचं कारण, ही कल्पना मात्र झिडकारली. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी, यापलीकडे तिचा हेतू त्यांना दिसला नाही. माझ्या मते या विषयावर गेल्या शतकात इतकी नेमकी टीका दुसरी झाली नाही. काळारामाचं दार कोणाच्या प्रारब्धानं बंद झालं नव्हतं. ते माणसांनी लावलं होतं.

सुक्याबरोबर ओलं

२७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाच्या वाटेवरच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. पुण्य जोडायला आलेली ही माणसं. त्यांनी कोणाचं काय केलं होतं? ‘त्यांची वेळ भरली होती’ एवढ्यावर थांबलो असतो तर पुढच्या वेळीही तेच झालं असतं. अरुंद वाट आणि आवरता न येणारी गर्दी, ही कारणं शोधली गेली. २०१५ च्या सिंहस्थात गर्दीच्या येण्या-जाण्याच्या वाटांचं कसून नियोजन झालं आणि तशी दुर्घटना घडली नाही. कारण आणि परिणाम यांवर खरी श्रद्धा असलेला समाज असं वागतो.

द्राक्षबागायतदाराचंही तेच. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण निफाडच्या शेतकऱ्याला पाठ असते. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत उगवलेलं सगळं झोडपलं गेलं. त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं. त्याला विमा हवा होता, आपत्तीची भरपाई हवी होती. तिथे कर्माचं स्पष्टीकरण देणं म्हणजे ती भरपाई नाकारण्याची सोय करून देणं.

मग कर्म न्यायी आहे का?

इतकी सगळी साक्ष तपासल्यावर मला एवढं स्पष्ट दिसतं की कर्माचा विचार कोणी कोणाला लावला, यावर त्याचा न्याय ठरतो. तो स्वतःला लावला तेव्हा उषवदाताची ठेव उभी राहिली, विष्णुदत्तेचं औषध आलं, टिळकांना तुरुंगात बळ मिळालं. दुसऱ्याला लावला तेव्हा विठ्ठलपंतांची मुलं वाळीत पडली आणि मंदिराचं दार लागलं. माझ्या पुढ्यातलं काम मी कोणत्या हेतूनं करतो, त्याचा माझ्यावर आणि भोवतालावर काय परिणाम होईल, हे विचारताना कर्म ही माणसाला मोठं करणारी कल्पना आहे. शेजाऱ्याच्या आजाराचं, जातीचं, अपंगत्वाचं कारण सांगताना ती वापरली, की आपण नसलेल्या पुराव्यावर निकाल देऊ लागतो.

जगात आपसूक न्याय आहे की नाही, हे सिद्ध करणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पण न्याय करणं आपल्या हातात आहे, आणि क्रियमाण ते याहून वेगळं काय असणार? पुढचा सिंहस्थ दाराशी आला आहे. लाखो माणसं आपलं संचित कमी करायला गोदेत उतरतील. नदी स्वच्छ ठेवणं, वाटा मोकळ्या ठेवणं आणि कोणालाही कुळ विचारून अडवू न देणं हे त्या वेळचं आपलं, नाशिककरांचं, कर्म असेल. सांत्वनाला जाताना ‘भोग असतात’ हे वाक्य घरी ठेवून जावं आणि ‘काय करू, सांगा’ असं विचारावं. दुःखात असलेल्या माणसाला आपण देऊ शकतो तो न्याय एवढाच आहे, आणि तो द्यायला कोणाचाही मागचा जन्म माहीत असावा लागत नाही.