बाजूला बसलेली नर्तकी

गेली नऊ वर्षे दर शनिवारची माझी संध्याकाळ पार्ल्यातील एका शाळेच्या जिन्यात जाते. नृत्याच्या वर्गात बापांना प्रवेश नसतो. त्यांची जागा जिन्यात. आत बाई लाकडी पाटावर दांडीने ताल धरतात, वीस मुलींचे पाय एकदम जमिनीवर पडतात आणि बाहेर मी उत्तरपत्रिका तपासतो. त्या तालाच्या भरात एखाद्या भाग्यवंताला दोन गुण अधिकही पडले असतील!

आमच्या घराण्यात नाच म्हणजे वरातीत काकांनी केलेला, तेवढाच. सातव्या वर्षी मुलीने भरतनाट्यमचा हट्ट धरला तेव्हा, 'चला, व्यायाम तरी होईल,' असे म्हणून आम्ही उभयतांनी होकार दिला. पहिले सहा महिने तिला फक्त गुडघे बाहेर वळवून अर्धे बसायला आणि पाय आपटायला शिकवले. 'एवढ्यासाठी फी?' हा प्रश्न तेव्हा मी घरात विचारला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आठ वर्षे झाली आणि अरंगेत्रमचे वारे आमच्या घरात शिरले. अरंगेत्रम म्हणजे शिष्येचे पहिले स्वतंत्र रंगमंचप्रवेशाचे नृत्य. सौ.ने सभागृहाची चौकशी केली, साड्या पाहून ठेवल्या, नागपूरच्या आत्याला कळवूनही टाकले. मग आम्ही बाईंना भेटलो. बाई म्हणाल्या, "अजून नाही."

"अहो, आठ वर्षे झाली बाई!"

"वर्षं झाली, सर. ती अजून माझ्याकडे बघून नाचते."

मला राग आला. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेले. दुसऱ्या मुलीवर बाईंचा लोभ असेल, आमच्याकडून खर्च होईल की नाही अशी शंका असेल! त्या रात्री मुलगी जेवली नाही. क्लास बदलावा असेही ठरत आले होते, पण मुलगीच म्हणाली, "बाईंनी नाही म्हटलंय ना, मग नाही."

पुढचे वर्षभर बाईंनी एक निराळेच काम काढले. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या होत्या. त्यांना निरूपणे म्हणतात. एकेका निरूपणात सारे भाग एकाच रागात आणि एकाच तालात गुंफलेले. आज भरतनाट्यमचा जो क्रम आपण पाहतो, म्हणजे अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, तो बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू याच दरबारातले. या मराठी रचना विसाव्या शतकात पुन्हा रंगमंचावर आणल्या त्या मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खपून एकेक पद नृत्यात बसवले आणि ते रसिकांसमोर मांडले आपल्या शिष्येकडून, सुचेता भिडे-चापेकर यांच्याकडून. सुचेताताई त्या चार बंधूंच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या आणि पुढे त्यांनी हिंदुस्थानी संगीतावर 'नृत्यगंगा' ही स्वतःची वाट काढली. गुरूचे धन सांभाळायचे आणि त्याबरोबर आपली वाटही शोधायची, ही दोन्ही कामे एकाच शिष्येने केली.

त्यांतल्या एका रचनेतले जुने मराठी शब्द घेऊन आमची मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. "बाईंनी सांगितलंय, अर्थ मी सांगणार नाही, बाबांशी भांडून ठरव." मराठीचा एम. ए. असलेला मी दोन शब्दांशी अडखळलो. तीन रात्री आम्ही बापलेक कोश उघडून बसलो. चौथ्या दिवशी तिने माझा अर्थ नाकारला आणि स्वतःचा अर्थ हातांनी करून दाखवला. तिचाच बरोबर होता.

अरंगेत्रम या वर्षी झाले. तुम्ही कधी पाहिले असेल तर रंगमंचाच्या एका कडेला बसलेल्या वादकांत, हाती पितळी टाळ घेऊन बोल म्हणणारी एक व्यक्ती तुम्हांला आठवेल. ते नट्टुवांगम. पूर्वी ती जागा नट्टुवनार गुरूंची, म्हणजे पुरुषांची असे. मद्रासला १९३६ साली कलाक्षेत्र स्थापन करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ही विद्या स्त्रियांनाही शिकवायला घेतली. आमच्या बाई स्वतः एके काळी गाजलेल्या नर्तकी. त्या दिवशी साध्या सुती साडीत त्या कडेला बसल्या होत्या आणि सारा प्रकाश माझ्या मुलीवर होता.

वर्णम् चालू असताना, आठ मात्रांच्या आदितालात, तिचा पाय चुकला. माझ्या पोटात गोळा आला. मी बाईंकडे पाहिले. त्या आवाज चढवतील, टाळ जरा मागे घेतील, निदान मानेने खूण तरी करतील! त्यांनी काहीच केले नाही. डोळे समोर, टाळ तसाच. क्षणभर मुलगी नुसती उभी होती. मग तिची नजर प्रेक्षकांवर स्थिर झाली, तिने ऐकले आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर तिचा पाय अचूक पडला.

रंगपटात मी विचारलेच, "बाई, सावरायचं होतं तिला!"

बाई घुंगरांच्या गाठी सोडवीत होत्या. म्हणाल्या, "सावरलं असतं तर आज वाचली असती, सर. पण जन्मभर चुकली की माझ्याकडे बघत राहिली असती. मी किती दिवस बसणार आहे तिथे?"

आपली मुलगी आदल्या वर्षी का थांबवली गेली, हे मला तेव्हा कळले.

सोमवारी कॉलेजात गेलो. माझ्या नोट्स विद्यार्थ्यांत फार प्रसिद्ध आहेत. कविता न वाचताही त्यांच्यावर पहिला वर्ग मिळतो, अशी त्यांची ख्याती आहे. आजवर मला तिचा अभिमान वाटे. त्या दिवशी मी नोट्सची वही पिशवीतून काढलीच नाही. कविता एकदा वाचली, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि म्हटले, "आता तुम्ही बोला."

दहा मिनिटे कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट प्रथमच घडत होती आणि मला ती फार जड गेली. मग मागच्या बाकावरची, आजवर तोंड न उघडलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मला वाटतं…"

ती अर्थ चुकीचा सांगत होती. मी खिडकीपाशी बसून राहिलो.