तेलाने बिघडलेले खाचर

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली व सांडलेले तेल रायगडच्या किनाऱ्याला लागले. त्याचा गवगवा झाला. दिघाशीसारख्या गावात भातखाचरात तेल शिरते ते मात्र गुपचूप. रस्त्याकडेला ट्रकचे ऑइल बदलतात, पहिल्या पावसात ते बांध ओलांडते. कधी आपल्याच इंजिनाखालून डिझेल झिरपते. त्या कोपऱ्यातले रोप पिवळे पडते, फुटवे येत नाहीत. मग ‘जमीन मेली’ म्हणत गोदामवाल्याला देऊन टाकण्याची भाषा घरात सुरू होते. शेतकरी बंधू-भगिनींनो, तेवढ्यासाठी जमीन विकू नका.

मातीतले काही जिवाणू तेल खातात. पण तेलात कर्ब भरपूर, नत्र जवळजवळ नाही. जिवाणू मातीतले नत्र ओढतात आणि पीक उपाशी राहते. शेणखत नत्रही देते आणि जिवाणूही. टेरी संस्थेने अशा जिवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे मिश्रण तयार केले असून ते तेलक्षेत्रांत वापरले गेले आहे. आपल्या कोपऱ्यापुरते घरच्या उकिरड्यावर भागते.

आधी बांधाबाहेर चर खणून येणारे तेल अडवावे. नाहीतर सारी मेहनत पाण्यात. काळी चिकट माती खरवडून विहिरीपासून दूर, प्लास्टिकवर ठेवावी. राबाबरोबर ती भाजू नये, धूर विषारी असतो.

उरलेल्या जमिनीचे काम भातकापणीनंतर, वापसा आल्यावर करावे. चिखलात हवा नसते आणि या जिवाणूंना हवा लागते. चांगले कुजलेले शेणखत बोटभर जाडीने, म्हणजे गुंठ्याला साधारण टनभर, पसरावे. सोबत बारीक केलेला पेंढा किंवा तूस घालून वीतभर खोल मिसळावे. मूठ वळली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकाच ओलावा ठेवावा. दर पंधरा दिवसांनी माती उलटवावी. पावसाळ्यापर्यंत हे चालू द्यावे. डिझेल लवकर जाते, जळके ऑइल चिवट असते.

त्या ऑइलमधले शिसे, जस्त मात्र कोणतेही खत नाहीसे करत नाही. म्हणून तिथे पालेभाजी लावू नये व माती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी.

लावणीआधी दोन डबे घ्यावेत. एकात ही माती, दुसऱ्यात चांगल्या खाचरातली. प्रत्येकात वालाचे वीस दाणे पेरावेत. चांगल्या मातीच्या निम्मेही उगवले नाहीत, तर त्या तुकड्यात यंदा लावणी करू नये आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खत घालावे.