पाळणाघराची जागा

घरीं पाळणाघर चालविणाऱ्या कित्येक भगिनी, चांगली फी देणारीं कुटुंबें मिळावींत म्हणून, जागा बदलण्याच्या विचारांत असतात. हेतु रास्त आहे. मातृत्व-लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनें ५० वा अधिक नोकर असलेल्या संस्थांवर पाळणाघराचें बंधन आलें. लहान कचेरींतील मातेस मात्र स्वतःच सोय पाहावी लागते. तेव्हां जागा तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असावी. वस्ती श्रीमंत असणें हें दुय्यम होय. तळमजला, उजेड, नीट बंद होणारें फाटक व घरमालकाची लेखी संमति, एवढें पाहिल्यावांचून अनामत देऊं नये.

परंतु ज्या मुलांमुळें हें घर नांवारूपास आलें, त्यांचें काय? दोन वर्षांचें मूल माणसाप्रमाणें कोपऱ्यासहि ओळखतें. जुन्या पालकांस दोन महिने आधीं सांगावें. तीच चटई, तीच वाटी नव्या घरीं न्यावी. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस कार्य आरंभिलें, आणि जीं मुलें शाळेंत येत ना, त्यांच्या अंगणांतच बालवाडी नेली. इतकें सर्वांस साधणार नाहीं. पण वाढीव फींतून जुनीं एकदोन मुलें जुन्याच दरानें सांभाळणें अशक्य नाहीं. मिळकत अवश्य वाढावी. मात्र ओळखीचें दार कोणा मुलास बंद होऊं नये, असें आम्हांस वाटतें.