पाण्यावरची यंत्रे, लेखांक ६ : आउटबोर्ड बंद पडले, पण कसे?

होडीच्या पिछाडीच्या फळीला बाहेरून अडकवलेले, वर इंजिन, मधोमध उभा दांडा आणि तळाशी पंखा असे एकाच सांगाड्यात सामावलेले आउटबोर्ड इंजिन वरळी, माहीम आणि कफ परेडच्या कोळीवाड्यांतील लहान फायबरच्या होड्यांवर सर्रास दिसते, कारण ते उचलून घरी नेता येते आणि त्यासाठी होडीच्या तळाला भोक पाडावे लागत नाही. या सुटसुटीतपणाची किंमत अशी की बहुतेक लहान होड्यांवर दुसरे इंजिन नसते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरांपर्यंत फरक पडतो, आणि एवढे पाणी सहा तासांत चढत किंवा उतरत असताना खडकांमधल्या वाटेत बंद पडलेली होडी कोठे जाईल हे नाखव्याच्या हातात राहत नाही. वरळीच्या क्लीव्हलँड बंदराच्या वाटेवर सागरी किनारा मार्गाचा पूल उभा राहत असताना मच्छीमारांनी दोन खांबांमधील अंतर ६० मीटरांऐवजी २०० मीटर असावे अशी मागणी केली आणि २०२३ मध्ये १२० मीटर पदरात पाडून घेतले. हा आग्रह कशासाठी होता, हे इंजिन बंद पडून प्रवाहात आडवी झालेली होडी डोळ्यांसमोर आणल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच इंजिनाचे झाकण उघडण्यापूर्वी नांगर टाकणे, आणि नांगर धरत नसेल तर वल्ही हाती घेणे, हे निदानाच्याही आधीचे काम आहे.

इंजिनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकांत संभाव्य दोषांचे लांबलचक तक्ते असतात; पण त्यांत ज्या गोष्टीला सर्वांत कमी जागा मिळते तीच निदानाला सर्वाधिक उपयोगी पडते, ती म्हणजे इंजिन बंद पडण्याची रीत. ते आचके देत, हळूहळू दम सोडत थांबले, की दिवा मालवावा तसे एका क्षणात थांबले, की गरम होऊन जड होत गेले, यावर पुढचा सगळा शोध अवलंबून असतो. इंजिन थांबताच घाबरून चालू करण्याची दोरी पुन्हापुन्हा ओढली तर हा पुरावा पुसला जातो, कारण प्रत्येक ओढीबरोबर सिलिंडरमध्ये आणखी इंधन शिरते, प्लग भिजतो आणि मूळ दोष काहीही असला तरी त्यावर दुसरा दोष चढतो.

वेग हळूहळू उतरला असेल तर संशय प्रथम इंधनावर घ्यावा. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीच्या मध्यावर मुठीत मावणारा रबरी बल्ब असतो. तो दाबून सुरुवातीला इंधन वर चढवतात आणि पुढे इंजिनाचा स्वतःचा पडदापंप, म्हणजे लवचिक पडद्याच्या हालचालीने इंधन खेचणारा लहान पंप, ते काम करतो. इंजिन दम सोडत असतानाच हा बल्ब दाबला आणि वेग पुन्हा चढला, तर इंधन पुरेसे पोहोचत नाही हे तेथेच सिद्ध होते. दोष मग पडदापंपात, नळीच्या सैल सांध्यात किंवा कोठेतरी अडलेल्या मार्गात असतो. इंजिन थांबल्यावरही हा बल्ब बोलका राहतो. तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला अडथळा आहे, आणि बहुतेक वेळा तो टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिल्यामुळे निर्माण झालेला असतो : इंधन बाहेर जाते, त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि शेवटी पंपाला काहीच खेचता येत नाही. झाकण सैल करताच सुस्कारा ऐकू आला तर निदान पूर्ण झाले. बल्ब कितीही दाबला तरी मऊच राहत असेल तर टाकी रिकामी आहे किंवा नळी कोठेतरी हवा ओढते आहे. दगडासारखा घट्ट राहत असेल आणि तरीही प्लग कोरडा निघत असेल, तर अडथळा बल्बच्या पुढे, गाळणीत किंवा कार्बोरेटरच्या सुईझडपेत आहे.

इंधन पोहोचते पण ते इंधनच नसते, असाही प्रकार घडतो. पेट्रोलपेक्षा जड असलेले पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि खेचनळीचे तोंडही तळाशीच असल्यामुळे होडी डोलू लागताच ते आधी वर जाते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे, कारण इथेनॉल पाणी शोषून घेते आणि शोषण्याची मर्यादा ओलांडली की पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली उतरते. मासेमारीबंदीच्या जून-जुलै महिन्यांत अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवून ऑगस्टमध्ये तेच इंधन वापरणे त्यामुळे धोक्याचे ठरते. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांची तऱ्हा आणखी निराळी आहे : रॉकेल थंडपणी सहज वाफाळत नसल्यामुळे ही इंजिने पेट्रोलवर चालू करून तापल्यावर रॉकेलवर घेतात, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवतात. ती रॉकेलवरच अचानक थांबली तर कार्बोरेटरमध्ये रॉकेलच उरते, आणि ते काढून टाकल्याशिवाय गार झालेले इंजिन दाद देत नाही.

गिरगाव आणि दादरच्या चौपाट्यांवर अनंत चतुर्दशीला जो प्रसंग उभा राहतो तो या इंजिनांची परीक्षाच पाहतो. १९३४ मध्ये लालबागच्या कोळी आणि व्यापारी मंडळींनी बसवलेल्या गणपतीसारख्या मोठ्या मूर्तींचे विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते आणि तराफ्यांभोवतीच्या होड्या तासन्‌तास मंद गतीवर घुटमळत राहतात. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. मंद गतीवर ते पूर्ण जळत नाही, प्लगच्या टोकावर काजळी आणि तेलाचा थर साचतो, ठिणगी त्या थरातून निसटून जाते आणि एकदम वेग वाढवू पाहताच इंजिन गुदमरून थांबते. अशा वेळी प्लग काढून पुसणे किंवा सुटा कोरडा प्लग बसवणे एवढाच उपाय पुरतो. भिजलेल्या सिलिंडरसाठी चोक बंद ठेवून, बल्बला हात न लावता, थ्रॉटल पूर्ण उघडून चार-सहा वेळा दोरी ओढली की साचलेले इंधन हवेबरोबर बाहेर पडते.

त्याच पाण्यात हार, कापडाच्या चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत असतात, आणि माहीमच्या खाडीत तर त्यासाठी विसर्जनाची वाट पाहावी लागत नाही. आउटबोर्ड समुद्राचेच पाणी पंख्याजवळच्या जाळीतून आत घेऊन गार होते. हे पाणी फिरते आहे याची खूण म्हणजे इंजिनाच्या मागून सतत पडणारी बारीक धार. धार बारीक होऊन थांबली, मग आवाज जड झाला आणि शेवटी इंजिन थांबले, असा क्रम असेल तर दोष तापण्याचा आहे. दोरी ओढून इंजिन फिरतच नसेल तर पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरमध्ये अडकलेला असतो. त्याला बळाने फिरवू नये आणि तापलेल्या धातूवर गार पाणीही ओतू नये, कारण धातू तडकण्याची भीती असते. पंखा वर उचलून जाळी मोकळी करावी आणि इंजिन आपोआप निवू द्यावे.

क्षणात थांबलेल्या इंजिनाबाबत विद्युत्‌ मार्ग पाहावा, आणि त्यातही चालकाच्या मनगटाला बांधलेल्या सुरक्षादोरीची क्लिप निसटली आहे का, हे सर्वांत आधी. अनुभवी माणसेही ही क्लिप शेवटी पाहतात. गिअर मध्यावर नसेल तर अनेक इंजिने चालूच होत नाहीत, हेही तेवढेच साधे कारण आहे. खरा फसवा दोष ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज निर्माण करणाऱ्या कॉइलचा : आतील तारेचे आवरण कमकुवत झाले की ती गार असताना ठिणगी देते, तापल्यावर देत नाही आणि पुन्हा निवल्यावर देते, त्यामुळे किनाऱ्यावर कारागिरापुढे इंजिन पहिल्याच ओढीत सुरू होते आणि नाखव्याची तक्रार खोटी ठरते. तो पकडायचा असेल तर इंजिन थांबल्याच्या क्षणी, सांडलेले इंधन पुसून आणि काढलेला प्लग सिलिंडरच्या छिद्रापासून दूर धातूला टेकवून ठिणगी पाहिली पाहिजे.

इंजिन जोरात गुरगुरते पण होडी हलत नाही, हा प्रकार इंजिनाच्या दोषांत मोडतच नाही. तेथे पंख्याची पिन तुटलेली किंवा त्याच्या मध्यातील रबरी बूश घसरलेले असते.

एकदा तापून अडकलेले इंजिन निवल्यावर चालू झाले आणि होडी बंदरात परतली, तरी प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजून घ्यावा. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर पिस्टनच्या कड्या गेल्या आहेत असे समजावे. दाब ठीक आणि जाळीही मोकळी असूनही धार क्षीण असेल तर पाणी वर ढकलणारे रबरी पात्यांचे चाक, म्हणजे इम्पेलर, झिजलेले असते. ते बदलण्याची कृती पुढील लेखांकात येईल.