पी-व्ही डायग्राम : इंजिनाचा जमाखर्च

थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात एक आकृती हमखास येते. उभ्या अक्षावर पी, आडव्या अक्षावर व्ही आणि मध्ये चार रेषांचा एक वाकडातिकडा पतंग. ओट्टो सायकलला दोन बाजू उभ्या, डिझेल सायकलला वरची एक बाजू आडवी. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत ही आकृती पाठ केली जाते. पाच मार्कांची सोय झाली की विषय संपला! पण व्हायव्हाला कोणी विचारलं, "या पतंगाच्या आत काय आहे?" तर... शांतता. खरं म्हणजे सगळं इंजिन त्या आतल्या जागेतच आहे. या लेखात मला तेवढीच एक गोष्ट सांगायची आहे.

आधी उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलणं नको. किर्लोस्करचं एक सिलिंडरचं, पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन तुम्ही पाहिलंच असेल. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. तिची छोटी इंजिनं कॉलेजांच्या लॅबमध्ये टेस्टिंगला असतात आणि तीच खान्देशात विहिरीच्या काठावर पाणी उपसतात. त्यांतल्या एव्ही-१ मॉडेलचा बोअर ८० मिलीमीटर, स्ट्रोक ११० मिलीमीटर, आरपीएम १५०० आणि कॉम्प्रेशन रेशो १६.५. म्हणजे पिस्टन एका स्ट्रोकमध्ये ५५३ घन सेंटीमीटर जागा झाडून काढतो.

आता मुद्दा पहिला. काम म्हणजे बल गुणिले अंतर, हे अकरावीपासून माहीत आहे. पिस्टनवरचं बल म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. आणि क्षेत्रफळ गुणिले अंतर म्हणजे बदललेलं घनफळ. म्हणून दाब गुणिले घनफळातला बदल म्हणजे काम! (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, जिभेवर प्रेशर आणि व्हॉल्यूमच येतं. पण 'दाब' म्हटलं की हाताला काहीतरी जाणवतं, म्हणून इथे तोच शब्द.) एक बार दाबाने एक लिटर जागा सरकवली की बरोबर १०० जूल काम होतं. आकृतीत रेषेखालचं क्षेत्रफळ मोजलं की काम मोजलं. रेषा उजवीकडे जात असेल तर इंजिनाची कमाई, डावीकडे येत असेल तर खर्च.

मुद्दा दुसरा, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा. समजा डिझेल बंद आहे आणि आपण फ्लायव्हील हाताने फिरवतोय. पिस्टन वर जातो, ५८९ घन सेंटीमीटर हवा ३६ मध्ये कोंबतो. दाब चढतो, खर्च झाला. मग तीच हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत खाली ढकलते. पण ती ज्या रेषेने वर गेली जवळजवळ त्याच रेषेने खाली आली! जमा तेवढाच खर्च, आतली जागा शून्य, काम शून्य. आता वरच्या टोकाला डिझेल जाळा. हवा तापते, दाब वाढतो आणि पिस्टन वरच्या रेषेने खाली येतो. खर्च केला खालच्या रेषेवर, कमाई झाली वरच्या रेषेवर. दोन रेषांमधली जागा म्हणजे निव्वळ नफा. गरम होऊन जायचं आणि थंड होऊन परत यायचं, तरच पतंग फुगतो.

हँडल मारून इंजिन सुरू करणाऱ्या शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. तो आधी डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलतो. व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा कोंबली जात नाही, खर्चाची रेषा सपाट होते आणि हँडल हलकं फिरतं. फ्लायव्हीलने वेग घेतला की लिव्हर सोडतो. पहिल्या कॉम्प्रेशनचा खर्च फ्लायव्हील उधार देतं आणि पहिला पॉवर स्ट्रोक ती उधारी फेडतो.

थोडे आकडे लावू. १५०० आरपीएमच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक सायकल, म्हणजे सेकंदाला साडेबारा सायकली. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॅट, म्हणजे दर सायकलला शाफ्टवर २९६ जूल. तीस किलोचं पोतं एक मीटर उचलण्याएवढं काम, सेकंदाला साडेबारा वेळा! २९६ जूलला ५५३ घन सेंटीमीटरने भागलं की साधारण ५.४ बार येतात. पुस्तकातलं 'ब्रेक मीन इफेक्टिव्ह प्रेशर' ते हेच. आकृतीतला पतंग प्रत्यक्षात याहून थोडा मोठा असतो, कारण रिंगा आणि बेअरिंगांचं घर्षण आपला वाटा मधेच खातं.

ही आकृती प्राध्यापकांनी आपल्याला छळायला शोधली, असा एक गैरसमज आहे. ती मुळात इंजिनानेच काढली! जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ मध्ये वाफेच्या इंजिनाला एक पेन्सिल जोडली. दाबाबरोबर पेन्सिल वरखाली व्हायची आणि पिस्टनबरोबर कागद सरकायचा. कागदावर जे उमटलं तो पहिला पी-व्ही डायग्राम. वॉटच्या कंपनीने ही युक्ती बरीच वर्षं गुपित ठेवली, कारण इंजिन कुठे मार खातंय हे त्या कागदावर दिसायचं. पुढे १८२४ मध्ये सादी कार्नोने उष्णतेच्या इंजिनाचा सिद्धांत मांडला आणि १८३४ मध्ये क्लापेरॉनने तो याच आकृतीत बसवला. आज पेन्सिलीच्या जागी प्रेशर सेन्सर आणि कॉम्प्युटर आलाय, आकृती तीच आहे.

आता खरा प्रश्न. माझे मामा साक्री तालुक्यात शेती करतात. वीज नसेल तेव्हा कांद्याला पाणी द्यायला त्यांचं ऑइल इंजिन चालतं. मी इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर त्यांनी अहिराणीत सरळ विचारलं, "इतलं डिझेल जास कथं व माय?" प्रश्न पैशांचा आहे, त्यामुळे उत्तर मोघम देऊन चालणार नाही.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते. त्यातली तीनच्या आसपास शाफ्टवर येतात. तीनेक युनिट थंड पाण्यात जातात, तीनेक सायलेन्सरमधून बाहेर पडतात, उरलेलं घर्षणात आणि आजूबाजूच्या हवेत. सायलेन्सरचा वाटा आकृतीत डोळ्यांनी दिसतो. उजव्या टोकाला पिस्टन खाली पोचतो तेव्हा आतला वायू अजून गरम असतो, त्याचा दाबही बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. पण पुढे सरकायला जागाच नाही! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि रेषा सरळ खाली कोसळते. घर्षण नाही, भिंतींतून गळती नाही असं आदर्श इंजिन धरलं आणि कट-ऑफ रेशो २ घेतला, तरी सूत्राने ६२ टक्केच येतात. राहिलेले ३८ टक्के त्या उभ्या रेषेतून जाणारच. ती उष्णता टाकली नाही, तर परतीची रेषा खाली येत नाही आणि पतंग मिटतो.

मग मामांच्या हातात काय उरतं? पुष्कळ. नोझल खराब असेल किंवा टायमिंग बिघडून डिझेल उशिरा पडत असेल, तर पिस्टन खाली निघाल्यावर जळण होतं. पतंगाचं वरचं टोक बसकं होतं, आतली जागा कमी होते आणि वाचलेली उष्णता सायलेन्सरमधून पळते. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. त्यात आपला मे महिना! जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी त्याच सिलिंडरमध्ये सुमारे ११ टक्के हवा कमी मावते. त्यात एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर आणखी कमी. डिझेल तेवढंच, हवा कमी, मग धूर येणारच. म्हणून उन्हाळ्यापूर्वी फिल्टर साफ करणं आणि नोझल तपासून घेणं हा आकृतीतली जागा वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

हाच हिशोब मोठ्या आकारात पाहायचा तर भुसावळजवळच्या दीपनगरला बघा. तिथल्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. इथे वायूऐवजी वाफ. एक लिटर पाण्याची, वातावरणाच्या दाबाला, सुमारे १,६७० लिटर वाफ होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचं कंडेन्सरमध्ये परत पाणी केलं की घनफळ एकदम लहान होतं आणि ते पाणी बॉयलरमध्ये ढकलायला फार थोडं काम लागतं. परतीची रेषा डावीकडच्या अक्षाला अगदी चिकटून जाते, खर्च नाममात्र. पण वाफ थंड करायला हवी, आणि त्यासाठीच हतनूर धरणातलं तापीचं पाणी आणि ते कूलिंग टॉवर. टॉवरमधून निघणारा पांढरा ढग धूर नाही, पाण्याची वाफ आहे. कोळशाची जवळपास निम्मी उष्णता अशी बाहेर टाकली जाते तेव्हा आपल्या रूममधला पंखा फिरतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला कॉम्प्युटरवर तो पतंग दिसला की रीडिंग उतरवून पळू नका. तीन गोष्टी बघा : कमाईची रेषा कोणती, खर्चाची कोणती आणि उष्णता टाकली कुठे. मग लोड वाढवा आणि पतंग कसा फुगतो ते डोळ्यांनी पाहा. ओट्टो असो, डिझेल असो की रँकिन, आकृती पाठ करायची गरज उरणार नाही. आणि व्हायव्हाला "आत काय आहे?" विचारलं तर बिनधास्त सांगा, "सर, निव्वळ नफा!" पाच मार्क तर कुठेच गेले नाहीत!